दारं वाजवायचे दिवस

नदीकडून ढोलांचा आवाज यायला लागला की इतरांना गणपती आठवतात. मला आमच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवते.

दोन्ही एकाच सुमाराला येतात. श्रावण उतरणीला लागलेला असतो. जिन्याच्या कठड्यांवर न वाळलेल्या चादरी असतात आणि त्यांना एक कोंदट, गोडसर वास येत असतो. सकाळी ऊन, दुपारी सर, संध्याकाळी पुन्हा पिवळं ऊन. आणि राजाराम पुलाकडून पथकाचा सराव. आधी एकटा ताशा तडतडतो, मग मागून दोन-चार ढोल, मग सगळे. सुरुवातीच्या दिवसांत ठेका सारखा मोडतो. मोडला की शिट्टी वाजते, सगळं गप्प होतं आणि ताशा पुन्हा पहिल्यापासून लागतो. गॅलरीत उभं राहून मी हे खूप ऐकलेलं आहे. जमलेल्या ठेक्यापेक्षा मला ती शिट्टीनंतरची पुन्हा सुरुवात जास्त आवडते.

काल संध्याकाळी ऑफिसच्या बसमधून उतरले तेव्हा ताशा सुरू झाला होता. खाली मीटरच्या खोलीशेजारी फलकावर सभेची नोटीस लागली होती. मी ती उभ्याउभ्या वाचली. शेवटचा विषय पुन्हा वाचला. आणि त्या वर्षीचे ते दिवस, ओल्या चादरींच्या वासासकट, परत आले.

त्या वर्षी मी हिंजवडीला नुकतीच नोकरीला लागले होते. आमची कंपनी परदेशातल्या नोकरदारांना इंग्रजी शिकवणारं सॉफ्टवेअर बनवायची. माझं काम वाक्यं लिहिण्याचं. एकेक वाक्प्रचार वाट्याला यायचा, त्याचा अर्थ सोपा करून लिहायचा आणि तो कसा वापरतात हे दाखवणारी चार-पाच वाक्यं रचायची. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आणि चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मुलीला याहून चांगली नोकरी मिळणं कठीण होतं. दिवसभर शब्दांशी संबंध, माणसांशी नाही. खिडकीबाहेर काचेच्या दोन इमारतींच्या मधे एक भातखाचर उरलं होतं. त्यात बगळे उतरायचे. मी वाक्य अडलं की बगळे बघायचे.

असंच एकदा माझ्या वाट्याला 'ड्रम अप' आलं. ड्रम अप सपोर्ट. मी अर्थ लिहिला : लोकांना भेटून, बोलून एखाद्या गोष्टीसाठी पाठिंबा मिळवणे. वाक्य लिहिलं : उमेदवार पाठिंबा मिळवण्यासाठी गावोगाव फिरला. आमच्या टीमची प्रमुख रेश्मा माझ्याहून फार मोठी नव्हती, पण शब्दांच्या बाबतीत कडक होती. ती म्हणाली, "अर्थ बरोबर आहे, पण यात कष्ट दिसत नाहीत." तिनं समजावलं की आपोआप मिळणाऱ्या पाठिंब्याला हा शब्द लागतच नाही. जो नाही, तो खटपट करून उभा करायचा असेल तेव्हाच हा शब्द. पूर्वी तिकडे सैन्यभरतीसाठी गावात ढोल वाजवत माणसं गोळा करायचे, त्यावरून आलेला. आणि एक लक्षात ठेव, म्हणाली, याच्यापुढं माणसाचं नाव येत नाही. सपोर्ट येतो, बिझनेस येतो, इंटरेस्ट येतो. रामरावांना ड्रम अप करता येत नाही.

मी तिचं सगळं टिपून घेतलं आणि वाक्य बदललं. नवं वाक्यही तसंच होतं. ज्या गोष्टीचा मला अनुभव नव्हता तिच्यात कष्ट कुठून आणणार? मी आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेले नव्हते. शाळेत मॉनिटरच्या निवडणुकीत मैत्रिणींनी माझं नाव सुचवलं, तेव्हा मी ताप आल्याचं सांगून घरी राहिले होते.

त्या संध्याकाळी मी पप्पांना विचारलं की याला मराठीत काय म्हणतात. माझं असंच आहे, इंग्रजी शब्द आधी भेटतो आणि त्याचं मराठी भावंड मी घरी येऊन शोधते. पप्पा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे नकाशे काढून त्यांचं बोलणंही रेखीव झालं होतं. ते म्हणाले, ढोलच वाजवायचा तर दवंडी. पण दवंडी सांगते, मागत नाही. गळ घालणे म्हणता येईल, पण त्यात समोरच्याचा मासा होतो. मोट बांधणे हे पुढाऱ्यांचं काम. मग म्हणाले, "शब्द टाकणे. हा चांगला. पण टाकलेला शब्द कुणी झेलला नाही तर खाली पडतो. म्हणून आपण टाकायचाच नाही."

हे त्यांनी हसत सांगितलं, पण ते हसण्यावारी नव्हतं. आमचं घर याच नियमावर चाललेलं होतं. दारावरच्या पाटीवर नुसतं 'गायकवाड'. कुणी विचारायचं, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" पप्पा म्हणायचे, "नाही, भोरकडचे," आणि विषय बदलायचे. बुद्धांची मूर्ती बाहेरच्या खोलीत नव्हती, आत आईच्या कपाटावर होती. माझं नाव संघमित्रा. शाळेत त्याचं मित्रा झालं, ऑफिसात मित्राच राहिलं, आणि बरेच जण मला बंगाली समजायचे. मी कधी दुरुस्त केलं नाही. कुणी आम्हाला काही वाईट बोललं असं नाही. बोलू नये म्हणून आम्हीच आधी गप्प बसत होतो. सोसायटीच्या सभेला पप्पा जायचे, हजेरीच्या वहीत सही करायचे, मागच्या खुर्चीवर बसायचे आणि चहाच्या आधी परत यायचे. इतक्या वर्षांत त्यांनी कशाच्याच बाजूनं हात वर केलेला नव्हता.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये इनामदारबाई राहायच्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या. आतल्या दोन खोल्यांत त्यांनी तीन मुली पेइंग गेस्ट ठेवल्या होत्या. तिघीही हिंजवडीला, त्यांतल्या वैशालीची आणि माझी बस एकच. ती लातूरकडची. तिची शिफ्ट बदलायची, त्यामुळे कधी सकाळी माझ्याबरोबर जायची, तर कधी रात्री कंपनीची गाडी तिला सोडायला यायची. आम्ही शेजारी बसायचो आणि फारसं बोलायचो नाही. तिला गप्प बसवायचं नाही आणि मला बोलायला लावायचं नाही, असा आमचा न बोलता झालेला करार होता.

तर त्या वर्षीच्या नोटिशीत शेवटचा विषय होता : बॅचलर भाडेकरू व पेइंग गेस्ट ठेवण्यास मनाई करण्याबाबत. सगळ्या इमारतीत असे भाडेकरू म्हणजे या तीनच मुली. नोटीस आमचे चेअरमन खांबेटेकाका यांच्या हातची. त्यांचं अक्षर सुंदर आणि भाषा कोरडी. 'जिन्यात चपला काढणाऱ्यांनी त्या घालूनही जाव्यात' ही त्यांचीच. त्यामुळे लोक त्यांच्या नोटिशी आवडीनं वाचायचे आणि विषयाचं काय व्हायचं ते होऊ द्यायचे.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये वैशाली ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. चांदणी चौकाच्या पुढं ती एकदम बोलायला लागली. तिच्या वडलांनी तिला पुण्याला पाठवलं होतं ते एका बाईंच्या घरी राहायचं म्हणून. वडील दर खेपेला येऊन इनामदारबाईंना भेटून जायचे, त्यांना नमस्कार करायचे. होस्टेल त्यांना चालणार नव्हतं, मुलींनी मिळून फ्लॅट घेणं तर नाहीच. गावाकडं एक स्थळ तयारच होतं. "बाईंचं घर सुटलं की माझी नोकरी बी सुटली बघ," ती म्हणाली. "आणि बाई तर म्हणतेत, मी कुणाच्या दारात जाणार नाही."

ते खरं होतं. इनामदारबाईंनी आईला सांगितलं होतं की घर माझं आहे, परवानगी मागायला मी काही वर्गातली मुलगी नाही.

बाहेर पाऊस होता. बसच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि वैशालीनं तिच्यावर बोटानं काहीतरी काढून पुसलं. मी म्हणाले, "मी बोलते लोकांशी." माझ्या तोंडून ते वाक्य कसं निघालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. निघालं एवढं खरं. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की ते परत घेता येणार नव्हतं.

मी तळमजल्यापासून सुरुवात केली, क्रमानं. क्रम असला की कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही हे ठरवावं लागत नाही. पहिल्या दारासमोर मी घंटेवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभी होते. नदीकडे ताशा तडतडत होता. ठेका मोडला, शिट्टी वाजली. मी घंटा दाबली.

सातपुतेकाका टॉवेल खांद्यावर टाकून आले. मी जे पाठ केलं होतं ते म्हणून दाखवलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू गायकवाडांची ना? तुला बोलता येतं होय." मग म्हणाले, बघू.

पुढचे काही दिवस मी हा शब्द इतक्यांदा ऐकला की त्याचे प्रकार ओळखायला लागले. सेफ्टी डोअरच्या जाळीआडून आलेला 'बघू' म्हणजे नाही. जाळी उघडून म्हटलेला 'बघू' म्हणजे हे घरी आले की विचारते. आणि "ये ना आत, पाय पूस फक्त" असं म्हटल्यावर जो येतो, त्यात जागा असते. वैशाली एकदा माझ्याबरोबर आली. लोक तिच्याबद्दल तिच्यासमोरच बोलले, ती तिथं नसल्यासारखे. जिना उतरताना ती म्हणाली, "तुमच्या पुण्यात माणसं नाही म्हणत नाहीत, पण हो बी म्हणत नाहीत. नुसतं चहा पाजतेत." मग तिला मी पुन्हा नेलं नाही.

पाठ केलेलं भाषण मी दुसऱ्या मजल्यावर सोडून दिलं. ते म्हणताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. त्याऐवजी मी विचारायला लागले. लाजाळू माणसाला एक युक्ती येते : आपल्याला बोलायचं नसेल तर समोरच्याला प्रश्न विचारायचा. आयुष्यभर मी ती लपण्यासाठी वापरली होती. बर्व्यांकडे विचारलं, तुमचा मन्यादादा कसा आहे? बर्वेकाकूंनी मुलाचा अमेरिकेतला सगळा फ्लॅट वर्णन करून सांगितला. तीन मुलं मिळून राहतात, एक तेलुगू, एक पंजाबी, पाळीपाळीनं स्वयंपाक करतात. घरमालकीण म्हातारी आहे, नाताळात केक देते. हे सांगता सांगता त्या थांबल्या. कपातला चहा गार होत होता. त्याच म्हणाल्या, "म्हणजे आमचा मन्यासुद्धा बॅचलरच की गं."

असं प्रत्येक घरात काहीतरी होतं. कुणाची नणंद कधीकाळी नर्सिंगला एकटी राहिलेली. कुणाची मुलगी पुढच्या वर्षी बंगलोरला जाणार, आणि त्या जाण्याची धास्ती आईनं पोळ्या लाटता लाटता सांगितली. एका घरात मला दोन तास जुने फोटो दाखवले आणि सभेचा विषयच निघाला नाही. निघताना ते गृहस्थ म्हणाले, किती वाजता आहे म्हणालीस? मी म्हणाले, साडेदहा, रविवारी. सगळ्यांनाच मी साडेदहा सांगत होते, नोटिशीत होतं तसं.

रेश्मा म्हणाली होती, त्या शब्दापुढं माणसाचं नाव येत नाही. मला या दिवसांत उलटंच दिसत होतं. 'सपोर्ट' नावाची वस्तू कुठल्याच दाराआड नव्हती. बर्वेकाकू होत्या, सातपुतेकाका होते, फोटोवाले गृहस्थ होते. इंग्रजी शब्दात ढोल लांबून वाजतो आणि माणसं घरातून बाहेर येतात. इथं मलाच आत जावं लागत होतं, चपला काढून, पाय पुसून. पथकात नवीन मुलांना आधी ढोल देत नाहीत म्हणे, नुसतं उभं करून टाळीवर ठेका मोजायला लावतात. माझं तेच चाललं होतं. दुसऱ्याचं ऐकत मोजत राहायचं.

खांबेटेकाकांचं घर मधेच येत होतं, तिसऱ्या मजल्यावर. क्रम मोडायचा नव्हता म्हणून मी तिथंही गेले. ते दारातच हसले. म्हणाले, "माझ्या ठरावाला विरोध करा असं मलाच सांगायला आलीस?"

मी म्हणाले, "सगळ्यांकडे गेले. तुमच्याकडे आले नसते तर बरं दिसलं नसतं."

त्यांनी मला बसवलं. काकूंना चहा टाकायला सांगितला, "अर्धा कप, ही फार घरं फिरून आलीय." मग स्वतःहून म्हणाले की त्यांचं मुलींशी काही वैर नाही. रात्री गाडी येते, ड्रायव्हर फाटकाशी हॉर्न वाजवतो आणि काकूंना एकदा जाग आली की पुन्हा झोप लागत नाही. दोनदा सांगून झालं. आज तीन मुली आहेत, उद्या घरोघर होतील. मी मान हलवली. वाद घालणं मला येत नाही. घरी येऊन वैशालीला सांगितलं. तेव्हा तिच्याकडे नवा मोबाईल होता. तिनं ड्रायव्हरला नंबर दिला, की फाटकाशी आल्यावर हॉर्न नको, मिस्ड कॉल द्यायचा. त्या दिवसापासून हॉर्न बंद झाला. ठराव मात्र नोटिशीत तसाच राहिला. खांबेटेकाका लिहिलेलं खोडणाऱ्यांतले नव्हते.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरून खाली आले. सगळी दारं झाली होती. आई ड्यूटीवरून आली होती, तिचा नर्सचा पांढरा गणवेश बादलीत भिजत होता. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "सगळ्यांकडे जाऊन आलीस. आपल्या घरी कधी येणार?"

मला एकदम कळलं की मी ते दार वगळलं होतं. घर पप्पांच्या नावावर, म्हणजे सभासद पप्पा. मत त्यांना. मी सबंध इमारत फिरले होते, पण माझा स्वतःचा हात सभेत वर होऊ शकत नव्हता, आणि ज्यांचा होऊ शकत होता त्यांना मी विचारलंच नव्हतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मला चाललं असतं. त्यांना नाही म्हणताना कसं वाटेल, ते मला बघायचं नव्हतं.

पप्पा गॅलरीत बसले होते. पाऊस थांबला होता आणि ढोल आता सलग वाजत होते, न मोडता. मी त्यांच्यासमोर बसले. इतक्या घरांत बोलून आलेली मी, पुन्हा पहिल्या दारासमोर उभी असल्यासारखी झाले. म्हणाले, "पप्पा, उद्या साडेदहाला सभा आहे. शेवटपर्यंत थांबाल का? वैशालीसाठी."

त्यांनी ढोलांच्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "बघू."

जाळीआडचा की जाळी उघडून म्हटलेला, ते मला ओळखता आलं नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी मला तेव्हा माहीत नव्हती आणि सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक पुणेकराला माहीत असते. प्रत्येक नोटिशीच्या तळाला एक ओळ असते : गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासानंतर त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येची अट राहणार नाही. म्हणजे पुरेसे सभासद नसले तर अर्धा तास थांबायचं, मग असतील तेवढ्यांत सभा करायची. त्यामुळे साडेदहाची सभा अकराला असते. साडेदहाला कुणी येतच नाही. अकराला येणारेही नेहमीचे, ठरलेले असतात आणि ते जे म्हणतात ते मंजूर होतं. मी ती ओळ वाचली होती, पण शब्दशः. साडेदहा लिहिलंय म्हणजे साडेदहा, असं मी घरोघर सांगत सुटले होते. आणि गायकवाडांची न बोलणारी मुलगी दारात येऊन साडेदहा म्हणते, म्हणजे काहीतरी असणार, म्हणून लोक साडेदहाला आले.

पार्किंगमध्ये खुर्च्यासुद्धा मांडलेल्या नव्हत्या. खांबेटेकाका एकटेच टेबलाशी होते. सातपुतेकाका आले, बर्वे दोघं आले, फोटोवाले गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून आले. बायका घरचे मोडे आणि पाट घेऊन आल्या. पप्पा आले, वहीत सही केली आणि मागे बसले. मी आणि वैशाली जिन्याच्या पायरीवर, सभेच्या बाहेर. खांबेटेकाकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मग समोरची इतिवृत्ताची वही पाहिली. तिच्यात 'गणसंख्येअभावी सभा तहकूब करण्यात आली' हे त्यांनी दरवर्षीप्रमाणे घरूनच लिहून आणलेलं होतं.

ते म्हणाले, "आपण नेहमीप्रमाणे अर्धा तास थांबू."

इनामदारबाई पहिल्या रांगेत होत्या. चष्मा नीट करत म्हणाल्या, "अहो, माणसं नसली तर थांबायचं. माणसं असताना कुणासाठी थांबणार?"

लोक हसले. खांबेटेकाकाही हसले असावेत, कारण त्यांनी पेन उघडलं आणि सुंदर अक्षरातली ती ओळ एका रेघेत खोडली. त्यांना काही खोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मागच्या सभेचं इतिवृत्त झालं, हिशेब झाले, पाण्याच्या टाकीवरून जरा वादावादी झाली. नेहमीचे लोक अकराला आले आणि भरलेलं पार्किंग पाहून कडेला उभे राहिले. शेवटचा विषय आला. खांबेटेकाकांनी ठराव वाचला आणि विचारलं की कुणाला काही बोलायचं आहे का. चहा आला होता. ही पप्पांची उठायची वेळ. ते उठले.

ते गेले नाहीत. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "आम्ही इथं घर घेतलं तेव्हा आमचंही नाव कमिटीपुढं आलं होतं. चर्चा झाली होती, ते आमच्या कानावर आलं. ती काय झाली ते मी कधी विचारलं नाही. पण कुणीतरी आमच्या बाजूनं हात वर केला असणार, त्याशिवाय आम्ही इथं नसतो. तो कुणाचा होता, मला माहीत नाही."

नदीकडे एक ढोल उगीच मधेच वाजला आणि थांबला. खांबेटेकाका वहीकडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "माझा होता, गायकवाड."

पप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान लववली, अगदी थोडी, आणि खाली बसले.

"ठरावाच्या विरोधात कोण कोण?" खांबेटेकाकांनी विचारलं.

बर्वेकाकूंचा हात आधी वर गेला, नवऱ्याचाही त्यांनीच कोपरानं ढोसून वर करवला. मग सातपुतेकाका. मग इकडून तिकडून. उशिरा आलेल्यांपैकी एकानं शेजाऱ्याला विषय काय आहे ते विचारलं आणि उत्तर यायच्या आधीच हात वर केला, कारण सगळ्यांचे होते. पाठिंब्याचा हाही एक प्रकार असतो, आणि तो मोजताना वेगळा काढत नाहीत. पण मी बघत होते मागच्या रांगेकडे. पप्पांचा हात सावकाश वर गेला. बसमधल्या दांडीला धरावं तसा, सरळ, मनगटावरच्या जुन्या घड्याळासकट. मोजून झालं तरी तो तसाच होता. शेजारच्यानं सांगितलं, "साहेब, झालं." तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

वैशालीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांवर वळ उठले.

सोमवारी मी ऑफिसात 'ड्रम अप'ची वाक्यं पुन्हा लिहिली. रेश्मानं वाचली आणि म्हणाली, आता दिसतायत कष्ट. काय केलंस? मी म्हणाले, दारं वाजवली. तिला वाटलं मी तिला एखादं वेगळं वाक्य सांगतेय.

वैशाली आणखी तीन वर्षं बाईंकडे राहिली. आता ती नवऱ्याबरोबर वाघोलीला असते. लग्न तिनंच ठरवलेलं, आणि नोकरी तीच आहे. खिडकीतलं भातखाचर गेलं, तिथं पार्किंग झालं. आमच्या इमारतीला लिफ्ट बसली. पप्पा निवृत्त झाले, आणि त्यांनी घराला माझं नाव जोडलं, म्हणजे सभेत आता मीही बसू शकते. दारावरची पाटी त्यांनी नवीन करून आणली. तिच्यावर तिघांचीही पूर्ण नावं आहेत. बुद्धांची मूर्ती बाहेरच्या खोलीत आली आहे. ती कधी आली, कुणी आणली, यावर घरात काही बोलणं झालं नाही.

काल फलकावर वाचलेला शेवटचा विषय असा होता : घरकामास येणाऱ्या महिलांनी लिफ्टचा वापर करू नये याबाबत. अक्षर खांबेटेकाकांचं नाही. त्यांचा हात आता थरथरतो, नोटिशी छापून लागतात. आमच्याकडे येणाऱ्या सुनंदामावशी त्या विषयाखालून बादली घेऊन जिना चढून आल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या चौथ्या मजल्यावर टेकल्या, तेव्हा त्यांचा श्वास मला दारातून ऐकू आला. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं अजून काही झालेलं नाही.

मी लाजाळूच आहे. ते काही गेलेलं नाही. आजही ऑफिसातून आले, चहा घेतला, आणि चपला पायांत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. पप्पा गॅलरीतून म्हणाले, "वेळ काय सांगणार आहेस?" मी म्हणाले, नोटिशीत आहे तीच.

तळमजल्यावर आले. ताशा तडतडत होता, ठेका मोडला, शिट्टी झाली. सातपुतेकाकांचं घर आता विकलं गेलंय, तिथं नवीन लोक आहेत, मला न ओळखणारे. मी घंटा दाबली. आत टीव्हीचा आवाज कमी झाला आणि जाळीआडून कुणीतरी विचारलं, कोण?

मी म्हणाले, "संघमित्रा. चौथ्या मजल्यावरची संघमित्रा गायकवाड. जरा बोलायचं होतं."